कालांद्रियाच्या किनाऱ्यावरच्या टाळ्या

२९ डिसेंबर २००१

मिशी काढली. तीन निवडणुका ही मिशी पोस्टरांवर माझ्याआधी गावात पोहोचायची. नेलिदाने, माझ्या थोरल्या बहिणीने, आधी ती स्वयंपाकघरातल्या कात्रीने छाटली आणि मग दिवंगत मेहुण्यांचा वस्तरा माझ्या हातात दिला. आरशात एक निवृत्त भूगोल-मास्तर दिसला. तेच कायम केलं. आजपासून मी मास्तर अन्सेल्मो, तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ, हवापालटासाठी कालांद्रियाला, तिच्या समुद्रकाठच्या गेस्ट हाऊसवर आलेला. सेनेटर सेवेरो अल्बारासिन राजधानीत रात्रंदिवस काम करत आहेत, असं माझा सचिव बेनितेस वर्तमानपत्रांना सांगणार आहे.

बँकांनी लोकांच्या ठेवी गोठवल्यापासून देशभर एकच आवाज आहे: पातेल्यांवर पळ्या आपटण्याचा. राष्ट्राध्यक्ष गच्चीवरून हेलिकॉप्टरने गेले. परवा माझ्या इमारतीखाली बायका जमल्या होत्या आणि माझं नाव तालावर घेत होत्या. ताल चांगला होता, मागणी वाईट.

मी पळालो नाही. हे स्पष्ट लिहून ठेवतो, कारण पुढे इतिहासकार विचारतील. राज्यकर्त्याला कधी कधी चार पावलं मागे यावं लागतं, म्हणजे जनता पूर्ण दिसते.

नेलिदाची एकच अट आहे, आणि ती तिने माझ्या लहानपणीच्या नावाने हाक मारून सांगितली. "कुणाला कळता कामा नये, चिचो. जानेवारी-फेब्रुवारीच्या या एका उन्हाळ्याच्या पाहुण्यांवर माझं वर्ष निघतं. उद्या पातेली माझ्या दारात वाजायला लागली तर इथे कोण उतरेल?"

"मला कोण ओळखणार?" मी म्हणालो.

"तोंड उघडलं नाहीस तर कुणी नाही."

१ जानेवारी २००२

नवं वर्ष, आणि बहुधा उद्या आणखी एक नवा राष्ट्राध्यक्ष. मी मोजणं सोडलंय. मनाला विलक्षण शांती आहे.

आज पहिल्यांदा किनाऱ्यावर गेलो. आम्ही उत्तरेच्या डोंगरातली माणसं. मी उन्हाळ्यात मियामीला जात आलो, स्वतःच्या देशाचा समुद्र हा पहिलाच. छत्रीखाली तोंडावर टोपी घेऊन पडलो होतो, एवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. आधी दहा-बारा माणसांच्या, मग शंभराच्या, मग अख्ख्या किनाऱ्याच्या. माझं अंग आपोआप उठलं. उजवा हात वर गेला.

नेलिदाने तो कोपरापासून खाली ओढला. "बस खाली! पोर हरवलंय."

"कुणाचं?"

"तेच तर विचारतायत. असं पोर सापडलं की कुणीतरी खांद्यावर घेतं, आणि त्याची आई येईपर्यंत सगळे टाळ्या वाजवतात. आवाजाच्या रोखाने आई येते. लहानपणापासून देशाची भाषणं करतोस, आणि हे ठाऊक नाही तुला?"

लाल टोपीतली एक मुलगी जीवरक्षकाच्या खांद्यावर बसून रडत होती. ओल्या केसांची एक बाई वाळूतून धावत आली, "माझी आहे! माझी आहे!" आणि टाळ्या चटकन थांबल्या. लोक पुन्हा आपापल्या सँडविचकडे वळले.

थोर प्रथा आहे. हरवलेल्याला खांद्यावर घेणारं राष्ट्र! भाषणात वापरायची म्हणून टिपून ठेवतो. फक्त 'रडत होती' हे काढावं लागेल, पकड सैल होते.

उन्हाने वरचा ओठ भाजलाय. मिशीखाली इतकी वर्षं झाकलेली कातडी, तेवढीच पट्टी लालबुंद झाली. लोक माझ्याकडे पाहून हसतात. साधी, मायाळू माणसं आहेत.

४ जानेवारी

सकाळी फाटकाशी टाळ्या वाजल्या आणि मी पुन्हा खुर्चीतून उठलो. मासेवाला होता. इथे फाटकांना घंटा नसतात, टाळी वाजवूनच घरच्यांना हाक देतात. या गावात माझ्या हृदयाची फार परीक्षा होणार.

नेलिदाने मासा साफ करता करता सहज सांगितलं की आईचं घर विकून आलेले तिच्या वाट्याचे पैसेही बँकेतच अडकलेत. त्यातून तिला वरच्या मजल्याचं छप्पर बदलायचं होतं. दोन खोल्या गळतात, त्यामुळे दोन खोल्यांचं भाडं बुडतं.

"काढून का नाही घेतलेस वेळेवर?" मी विचारलं.

तिने सुरी थांबवली. "ऑक्टोबरमध्ये टीव्हीवर एक सेनेटर म्हणाला होता की तुमच्या ठेवी या प्रजासत्ताकाइतक्याच सुरक्षित आहेत. छातीवर हात ठेवून म्हणाला होता."

"त्यातही तथ्य होतं," मी म्हणालो. "दोन्हींची अवस्था आज सारखीच आहे. संयम ठेव, नेलिदा. देश त्याग मागतोय."

तिची सुरी पुन्हा चालू झाली. समजूतदार बाई आहे. माझ्या पैशांची चिंता सुदैवाने नाही. बेनितेसने ते नोव्हेंबरातच नदीपलीकडच्या देशात, मोंतेव्हिदेओला हलवले. सार्वजनिक जीवनातल्या माणसाचं डोकं घरच्या काळज्यांपासून मोकळं हवं, तरच ते लोकांच्या काळज्या वाहू शकतं.

तळलेला मासा अप्रतिम झाला होता.

९ जानेवारी

आज जे घडलं ते झोपण्याआधी लिहायलाच हवं.

संध्याकाळी चौकात गावसभा भरते. पक्ष नाही, व्यासपीठ नाही. लोक घरून खुर्च्या आणतात आणि 'माते' नावाच्या कडू पाल्याच्या चहाची तुंबडी एका हातातून दुसऱ्या हातात फिरत राहते. मी फक्त ऐकायला गेलो होतो. नेलिदाला तसं वचन दिलं होतं. पण काय ती भाषणं! लोकरीचं दुकान चालवणारी मिर्ता म्हणून एक बाई आहे, आवाज बंदरावरच्या भोंग्यासारखा. तिचा मुद्दा बरोबर होता, पण वाक्याला शेवट नव्हता. गोयेनेचे खाटीक उभा राहिला आणि नुसत्या शिव्या देऊन बसला. एवढा पवित्र संताप, आणि त्याला कुणी धड क्रियापद देईना! मला सहन झालं नाही. मी बाकावर चढलो.

जेवढं आठवतं तेवढं उतरवतो:

"मित्रांनो, मी आयुष्यभर इतिहास वाचला. प्रत्येक देशाच्या इतिहासात एक पान सारखंच आहे. गावात धान्य संपतं. ज्यांच्याकडे किल्ल्या असतात ते आधी आपली कोठी भरून घेतात. मग अंगरखा नीट करून सज्जात येतात आणि खाली उभ्या असलेल्या उपाशी माणसांना सांगतात, संयम ठेवा! संयम! हा शब्द भरल्या पोटाच्या तोंडात शोभत नाही. रोमच्या सेनेटरांनी शत्रू वेशीवर आल्यावर बागेत चांदी पुरली. आपल्या सेनेटरांकडे बागाही नाहीत, म्हणून त्यांनी चांदी परदेशी पाठवली. ते शत्रूला भीत नाहीत, मित्रांनो. ते तुमच्या पातेल्याला भितात! कारण पातेलं रिकामं असलं तरच मोठ्याने वाजतं!"

चौक दणाणून गेला. "एकजात सगळे चालते व्हा!" ही देशभरची घोषणा मी सुद्धा दिली, आणि शपथेवर सांगतो, माझ्याइतकी खणखणीत कुणाचीच नव्हती. एकेक शब्द मनापासून निघाला. हेच तर वक्तृत्वाचं रहस्य आहे: बोलताना मी नेहमी मनापासून बोलतो.

मिर्ताने मला मिठी मारली. "मास्तर, तुम्ही तर त्या लोकांना आतून ओळखता!"

"वाचन," मी म्हणालो.

"हो ना," गोयेनेचे म्हणाला. "वाचनाने माणसाचा ओठ असा लाल होतो." सगळे खदखदून हसले, मीही हसलो. खाटकाचा विनोद नीट कळला नाही, पण तो प्रेमाने केलेला होता.

१० जानेवारी

नेलिदाने न्याहारीला पाव समोर आदळला. शेवटी एवढंच म्हणाली, "तुला सांगितलं होतं, तोंड उघडू नकोस. आता माझं काय होणार ते बघ."

मी म्हणालो, "मला लोकांनी डोक्यावर घेतलंय."

"तेच," ती म्हणाली.

१५ जानेवारी

मला एकमताने गावसभेचा प्रवक्ता निवडलं. आयुष्यातली पहिलीच निवडणूक, जिच्यात मी कुणाला काही कबूल केलं नाही.

सभेने नवा कार्यक्रम घेतलाय. मिर्ताचं म्हणणं असं: "एकजात सगळे चालते व्हा, हे आपण म्हणतो. पण सगळे म्हणजे कुणीच नाही. प्रत्येक गावाने एकेक पुढारी वाटून घ्यावा आणि त्याच्या राजीनाम्याच्या मागे लागावं. आपल्या वाट्याला कोण?"

"तो मिशीवाला घेऊ या," गोयेनेचे म्हणाला. "छातीवर हात ठेवणारा. काय नाव त्याचं? मास्तर, तुम्हाला ठाऊक असेल."

"अल्बारासिन," मी म्हणालो. आवाज अजिबात हलला नाही. "पण तुलनेने तो बरा आहे असं ऐकतो. वाचणारा माणूस आहे."

"मग वाचता येईल असं काहीतरी लिहून पाठवू," मिर्ता म्हणाली. "राजीनामा आपणच तयार करू, त्याने फक्त सही करायची. मसुदा तुम्ही लिहा, मास्तर. तुमच्यासारखं त्याच्याबद्दल कोण लिहिणार?"

नकार दिला असता तर संशय आला असता. शिवाय दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर भाषेचं मातेरं झालं असतं, आणि ते माझ्या नावावर गेलं असतं.

१९ जानेवारी

तीन दिवस मसुद्यात बुडालो आहे. इतकं सुखाने मी वर्षानुवर्षं लिहिलेलं नाही. सेनेटमधली भाषणं बेनितेस लिहायचा, मी त्यात फक्त श्वास भरायचो. इथे प्रत्येक वाक्य माझं. उदाहरणार्थ: "जो हात छातीवर ठेवून मी लोकांना हमी दिली, तोच हात पाठीमागे स्वतःची बॅग भरत होता, म्हणून या हाताने आता पुन्हा शपथ घेऊ नये." विरोधकाच्या वर्मावर घाव घालणारं वाक्य आहे. कुठून सुचलं, मलाच कळलं नाही.

नेलिदाला वाचून दाखवलं. ती लाटणं हातात घेऊन उभ्या उभ्या ऐकत राहिली, मग डोळे पुसून म्हणाली, "कांदा."

कांदा कुठे दिसत नव्हता.

२० जानेवारी, रविवार

गोयेनेचेच्या अंगणात निखाऱ्यावर मांस भाजायचा बेत होता. त्याने चिमटा माझ्या हातात दिला. "मास्तर, आज आग तुमच्याकडे."

"मला कुठे येतं?"

"आजवर तुम्ही नुसतं खाल्लंत, आज भाजा."

धूर डोळ्यांत गेला, शर्टावर भोक पडलं. बरगड्या एका बाजूने करपल्या. गोयेनेचे बाजूला बसून निखारे कसे पसरायचे, चरबी कुठल्या बाजूला ठेवायची हे सांगत होता आणि मध्येच "हे तुमचं बजेट नव्हे मास्तर, इथे करपलेलं दिसतं," असलं काहीबाही बोलत होता. पण ताटं वाढल्यावर कुणीतरी रीतीप्रमाणे ओरडलं, "शेगडीवाल्याला टाळ्या!" आणि पंधरा-वीस चिकट हात माझ्यासाठी वाजले.

स्टेडियममध्ये लाखाच्या टाळ्या ऐकल्यात मी. त्यातल्या निम्म्या बसने आणलेल्या असायच्या. या टाळ्या करपलेल्या बरगडीसाठी होत्या. झोपताना आठवून हसू आलं.

२७ जानेवारी

बेनितेसचा फोन. नव्या मंत्रिमंडळात समाजकल्याण खातं माझ्यासाठी राखून ठेवलंय. पुढच्या रविवारी सकाळी गाडी येणार.

मी नेलिदाला कडकडून मिठी मारली. "बघ! मी संयम ठेव म्हणालो होतो ना?"

"जाणार तू?"

"देश बोलावतोय."

"देश परवा चौकात होता," ती म्हणाली. "त्याने तर तुझा राजीनामा मागितला. आणि तो तूच लिहिलास."

स्त्रिया राजकारण फार शब्दशः घेतात. मी तिला समजावलं की गावसभा ही एक भावना असते आणि मंत्रिमंडळ हे एक स्थान असतं. मंत्री झालो की तिच्या छपराचंही काही बघता येईल. ती कपडे वाळत घालायला निघून गेली. बराच वेळ लागला तिला, कपडे फार नव्हते.

गावाला काय सांगायचं? मास्तरांची तब्येत सुधारली, मास्तर घरी गेले, एवढंच. चुटपुट लागली. या लोकांचा खराखुरा लळा लागलाय.

२ फेब्रुवारी, शनिवार

सगळं क्रमाने लिहितो.

शेवटचा दिवस म्हणून किनाऱ्यावर गेलो. भरती होती, गर्दी उसळलेली. नेलिदा छत्रीखाली विणत बसली होती. मी पाण्यातून बाहेर येत होतो, तेव्हा गोयेनेचे आणि जीवरक्षक दोन्ही बाजूंनी आले, आणि "चला मास्तर, वर!" म्हणत मला उचलून खांद्यांवर बसवलं. मी लहानखुरा माणूस आहे. वाटलं, निरोपाचा समारंभ आहे. त्यांना कसं कळलं, हे मनात आलंच नाही. टाळ्या सुरू झाल्या. मी दोन्ही हात उंचावले.

तेवढ्यात मिर्ताचा भोंगा वाजला.

"एक सेनेटर सापडलाय! निळी चड्डी, मिशी नाही, वय साठच्या वर! कुणाचा आहे? ज्याचा असेल त्याने घेऊन जा!"

अख्खा किनारा हसला. मग अख्खा किनारा टाळ्या वाजवू लागला, त्याच तालावर, जसा पोरासाठी वाजवतात. म्हातारे उठून उभे राहिले. आइस्क्रीमवाल्याने पेटी खाली ठेवली आणि टाळ्या वाजवल्या. पाण्यातली माणसं पाण्यातून वाजवत होती. हात खाली घ्यावेत की वर ठेवावेत, मला समजेना.

"कुणाचाच नाही का?" मिर्ता ओरडली. "उत्तरेकडच्या कुणाचा? ज्यांनी मत दिलं त्यांचा?"

"आम्ही दिलं होतं, आता परत घेतलं!" छत्र्यांच्या रांगेतून एक आवाज आला. उत्तरेकडचेच सूर होते, माझ्याच डोंगरांतले. पुन्हा हशा.

कुणी येत नव्हतं. टाळ्या थांबत नव्हत्या. टाळ्या थांबाव्यात म्हणून मी आयुष्यात प्रथमच वाट पाहत होतो. हजार माणसं मला पाहत होती, आणि मी गर्दीत तेच शोधत होतो जे ती लाल टोपीतली मुलगी शोधत होती.

नेलिदा बसूनच होती. मला तिचे हात दिसत होते, सुया थांबलेल्या. आली असती तर सगळ्या गावाला कळलं असतं की महिनाभर कुणी मला लपवलं, कुणी खाऊ घातलं. तिचं गेस्ट हाऊस, तिचे पाहुणे, हा एकच उन्हाळा. आली नसती तर तिला कुणी बोललं नसतं. मीही नसतो बोललो. मला वाटतं, ते खरं आहे.

तिने विणकाम पिशवीत ठेवलं. उठली. चपला हातात घेतल्या आणि तापल्या वाळूतून सरळ चालत आली.

"माझा आहे," ती म्हणाली. "खाली ठेवा."

टाळ्या चटकन थांबल्या. समुद्राचा आवाज परत आला.

गोयेनेचेने मला अलगद उतरवलं. "काय नेलिदा, एवढ्या गर्दीत असं सोडायचं असतं का? लक्ष ठेवत जा जरा."

"ठेवीन," ती म्हणाली. "बोला, आणायची असतील तर पातेली आणा माझ्या दारात."

"पातेली कशाला?" मिर्ता म्हणाली. "सगळ्या गावाला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक आहे, बाई. ओठावर ती लाल पट्टी घेऊन फिरत होता! आम्ही म्हटलं, बघू तरी, हा बोलायला लागला की काय काय बोलतो ते. आणि काय बोलला गं! त्याच्याविरुद्ध त्याच्याइतकं चांगलं कुणी बोललंच नव्हतं." मग माझ्याकडे वळली. "मसुदा छान आहे, मास्तर. सहीची जागा रिकामी आहे."

मी त्यांच्याकडे पाहिलं, मग नेलिदाकडे. ती माझ्या पाठीवरची वाळू टॉवेलने झटकत होती, आई झटकायची तशीच, जरा जास्त जोरात.

३ फेब्रुवारी, रविवार

सही केली.

शांतपणे विचार केल्यावर दुसरा मार्गच दिसला नाही. एवढा सरस मजकूर निनावी ठेवणं हा भाषेवर अन्याय झाला असता. त्याला अधिकारी माणसाचीच सही हवी होती, आणि त्या विषयावर माझ्याहून अधिकारी कोण? मिर्ताने तो आजच्या आज राजधानीला पाठवला. वर्तमानपत्रं छापतील. मला वाटतं, तो ऐतिहासिक ठरेल.

बेनितेसला फोन नेलिदाने केला. मोंतेव्हिदेओच्या पैशांतून आधी तिच्या छपराचं आणि मग पुढचं काय करायचं, हे तिनेच सांगितलं. मी बाजूला उभा राहून मान हलवली. तो "सेनेटर साहेब आजारी आहेत का?" असं विचारत होता. "नाही," ती म्हणाली, "बरे होतायत."

गेस्ट हाऊस भरलंय. काल किनाऱ्यावर असलेली दोन कुटुंबं मुद्दाम इथे उतरायला आली. गळक्या खोल्याही मागत होती. दुपारी वीस माणसं जेवायला आहेत. गोयेनेचे मांस घेऊन येतोय. आग माझ्याकडे आहे, कांदाही माझ्याकडे.

आत्ताच फाटकाशी टाळ्या वाजल्या. फोनच्या आधीच राजधानीहून निघालेली काळी गाडी उभी आहे, ड्रायव्हर वाट बघतोय. पुन्हा वाजल्या, जरा जोरात.

मी उठलो नाही. अजून अर्धी टोपली कांदा कापायचा आहे. नेलिदा हात पुसत बाहेर गेलीय सांगायला.